बेन्झीन स्थिर आहे, मग त्यात हायड्रोजन शिरतो कसा?

पलूसहून सांगलीला कॉलेजला येणाऱ्या एस.वाय.बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “सर, पुस्तकात लिहिलंय की बेन्झीन अरोमॅटिक असल्यामुळे स्थिर असतं, म्हणून ते समावेशन अभिक्रिया देत नाही, प्रतियोजन देतं. आणि चारच पानं उलटली की निकेलवर हायड्रोजन घालून सायक्लोहेक्झेन, उन्हात क्लोरीन घालून बीएचसी (बेन्झीन हेक्झाक्लोराइड). ही दोन्ही समावेशनंच ना? त्यात अँथ्रासीन तर गार असतानाच ब्रोमीन घेतं, आणि तेही अरोमॅटिकच. मग ‘स्थिर’ म्हणजे नेमकं काय समजायचं? परीक्षेत काय लिहू?”

तू अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहेस. पुस्तकातलं वाक्य अर्धवट आहे. बेन्झीन म्हणजे सहा कार्बनांची रिंग, आणि अरोमॅटिक म्हणजे जिचे इलेक्ट्रॉन सगळ्या रिंगभर वाटलेले असतात अशी. समावेशनात डबल बाँड उघडून नवे अणू रेणूत येऊन बसतात, प्रतियोजनात एक अणू जाऊन त्या जागी दुसरा येतो. ‘देत नाही’ वाचलं की आपण ‘देऊच शकत नाही’ असं धरून चालतो आणि तिथेच गाडं अडतं. स्थिरता ही किलोज्यूलमध्ये मोजता येणारी रक्कम आहे. अभिक्रियेत ती किती गेली, किती हाती राहिली आणि बदल्यात काय मिळालं, एवढा हिशेब मांडला की तू दिलेली तिन्ही उदाहरणं सुटतात. म्हणून आधी हिशेबच मांडू.

सायक्लोहेक्झीनमध्ये एकच डबल बाँड. त्यात हायड्रोजन घातला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १,३-सायक्लोहेक्झाडाईनमध्ये दोन डबल बाँड, म्हणजे २४० निघायला हव्यात, निघतात २३२. दोन डबल बाँड शेजारी असले की एकमेकांना थोडा आधार देतात, त्यामुळे आठ कमी. आता बेन्झीन. आपण कागदावर तीन डबल बाँड काढतो, तेव्हा अपेक्षा ३६० ची. प्रत्यक्षात निघतात २०८. किस्टियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ च्या सुमारास हे कॅलरीमीटरने मोजलं. सुमारे १५० किलोज्यूलची तफावत राहते. ही उष्णता कुठे हरवलेली नाही. बेन्झीन मुळातच तेवढ्या खालच्या पायरीवर बसलेलं आहे. या १५० ला आपण अरोमॅटिक स्थिरता म्हणतो.

इथपर्यंत सगळे शिकवतात. याच आकड्यांतून आणखी एक वजाबाकी करायची असते आणि ती बहुतेक वर्गांत राहून जाते. वही काढ आणि कर. बेन्झीनपासून सायक्लोहेक्झेनपर्यंत २०८ निघतात. सायक्लोहेक्झाडाईनपासून सायक्लोहेक्झेनपर्यंत २३२. मग बेन्झीनपासून सायक्लोहेक्झाडाईनपर्यंत, म्हणजे हायड्रोजनच्या नुसत्या पहिल्या मोलला, किती? पदरचे २४ घालावे लागतात. साध्या डबल बाँडला हायड्रोजन घातला की १२० मिळतात आणि इथे उलट २४ मोजायचे! तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका ओळीत आहे. पहिल्याच घासाला अरोमॅटिकपणाची सगळी रक्कम जाते. पुढचे दोन घास साध्या डबल बाँडसारखेच, भरपूर उष्णता देणारे. म्हणून निकेलवर बेन्झीनमध्ये हायड्रोजन घालताना मध्येच सायक्लोहेक्झाडाईनवर थांबवू म्हटलं तर थांबत नाही. ते तयार होतं न होतं तोच पुढचा हायड्रोजन घेऊन मोकळं होतं. चढ फक्त सुरुवातीला आहे, पुढे सगळा उतार.

मग उत्प्रेरक काय करतो? २०८ या आकड्याला तो हातही लावत नाही. तो फक्त सुरुवातीचा चढ कमी उंचीचा करून देतो. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू आधीच फुटून अणू होऊन बसलेला असतो, रिंगही त्यावर आडवी पडते. तरी साध्या अल्कीनला (एक डबल बाँड असलेल्या रेणूला) जे पॅलेडियमवर खोलीच्या तापमानाला, फुग्यातल्या हायड्रोजनच्या दाबावर जमतं, त्यासाठी बेन्झीनला निकेलवर दीड-दोनशे अंश तापमान आणि चांगला दाब लागतो. निकेलवर बेन्झीनमध्ये हायड्रोजन घालणं साबात्ये आणि सेंडरेन्स यांनी १९०१ च्या सुमारास जमवलं. असल्याच हायड्रोजनीकरणाच्या कामासाठी साबात्येंना १९१२ चं नोबेल मिळालं. आज नायलॉनसाठी लागणारं सायक्लोहेक्झेन याच वाटेने बनतं. आणि तापमान आणखी वाढवलं तर अभिक्रिया उलटी फिरते: रिफायनरीत प्लॅटिनमवर ५०० अंशांच्या आसपास सायक्लोहेक्झेनमधून हायड्रोजन निघून बेन्झीन तयार होतं.

आता ब्रोमीन. इथे हायड्रोजनसारखं नाही, इथे रेणूसमोर दोन वाटा असतात आणि त्यातली एक तो निवडतो. लोखंडाच्या किसाने किंवा फेरिक ब्रोमाइडने ब्रोमीनला धार आली की ते रिंगच्या एका कार्बनवर बसतं. त्या क्षणी रिंग अरोमॅटिक राहत नाही, कारण त्या कार्बनवर आता हायड्रोजनही आहे आणि ब्रोमीनही, आणि उरलेल्या पाच कार्बनांवर धन प्रभार पसरलेला. इथून पुढे काय? ब्रोमाइड आयन येऊन दुसऱ्या जागी बसला तर समावेशन पूर्ण होतं, पण हातात राहतं साधं सायक्लोहेक्झाडाईन. एकूण हिशेब सुमारे ८ किलोज्यूल तोट्याचा. आणि त्याच कार्बनवरचा हायड्रोजन निघून गेला तर रिंग पुन्हा अरोमॅटिक होते, आणि एकूण सुमारे ४५ किलोज्यूल फायद्यात राहतो. रेणू कोणती वाट धरणार ते सांगायला नको. म्हणजे प्रतियोजन करतानाही बेन्झीन आपली स्थिरता मध्ये काही काळ सोडतंच. फरक इतकाच की ती परत मिळवण्याची सोय त्या वाटेवर आहे.

आपल्याकडच्या शेतातला पैरा तुला माहीत असेल. सहा घरं मिळून एकमेकांच्या रानात राबतात. आज तुझी टोकणी, उद्या माझी. बेन्झीनच्या तीन डबल बाँडमधल्या सहा इलेक्ट्रॉनांचं तसंच आहे. कोणताही इलेक्ट्रॉन दोनच कार्बनांच्या मालकीचा नसतो. म्हणून बेन्झीनमधले सहाही बंध सारखे, १३९ पिकोमीटरचे असतात. साधा एकेरी बंध १५४ चा आणि साधा दुहेरी १३४ चा. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथिलबेन्झीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून रिंग सपाट असल्याचं दाखवलं आणि केकुलेंच्या १८६५ पासूनच्या रिंगवरचा बराचसा वाद मिटला. पैऱ्यातून दोन घरं बाहेर पडली की उरलेल्या चारांचा पैरा चालत नाही. समावेशनात नेमकं तेच होतं: दोन कार्बन रिंगच्या व्यवहारातून बाहेर जातात. एका जागी मात्र ही उपमा फसते, तेही सांगून ठेवतो. शेतात आठ घरं असली तर पैरा आणखी चांगला चालेल. रेणूत तसं नाही. ह्यूकेल यांचा १९३१ चा हिशेब सांगतो की सपाट रिंगमध्ये ४एन + २ इलेक्ट्रॉनच जमतात: दोन, सहा, दहा. आठ इलेक्ट्रॉनांचं सायक्लोऑक्टाटेट्राईन विलस्टेटर यांनी १९११ मध्ये बनवलं, तेव्हा ते ब्रोमीन साध्या अल्कीनसारखं पटकन घेत होतं. त्याची रिंग सपाटही नाही, घमेल्यासारखी वाकलेली आहे.

बीएचसीचं वेगळं आहे, कारण तिथे आयन नसतात. ऊन पडलं की क्लोरीनचा रेणू फुटून दोन अणू होतात. त्याला मोलमागे २४३ किलोज्यूल लागतात आणि ते सूर्यप्रकाश पुरवतो. एकटा क्लोरीनचा अणू भयंकर भुकेला असतो. तो रिंगवर बसला की अरोमॅटिकपणाची रक्कम खर्च होते, पण नवे कार्बन-क्लोरीन बंध मजबूत असल्यामुळे एकूण हिशेब फायद्यात जातो. आणि एकदा रिंग मोडली की पुन्हा तेच: उरलेले डबल बाँड साधे, ते भराभर भरतात आणि सहा क्लोरीन बसूनच गाडी थांबते. फॅरेडेंनी १८२५ मध्ये दिव्याच्या वायूच्या टाक्यांत तळाला साचलेल्या तेलकट द्रवातून बेन्झीन वेगळं केलं, आणि त्याच वर्षी उन्हात त्यावर क्लोरीन सोडून हा पदार्थही बनवला. म्हणजे बेन्झीनला समावेशन जमतं हे बेन्झीनच्या जन्मापासून माहीत आहे! माझ्या लहानपणी उसातल्या हुमणीसाठी सऱ्यांमधून बीएचसी पावडर टाकायचे, तिचा कुबट वास अजून आठवतो. त्या पावडरीतला फक्त गॅमा समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी) किडीला मारायचा. बाकीचे बिनकामाचे, पण जमिनीत वर्षानुवर्षं राहणारे. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली.

आता माझ्या हाताखालून गेलेलं उदाहरण सांगतो. मला स्वतःला अरोमॅटिक स्थिरता वर्गात समजली नव्हती, ती हळदीने समजावली. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं मी मिरजेकडच्या एमआयडीसीत हळदीच्या अर्कावर काम करणाऱ्या एका युनिटमध्ये होतो. सांगलीच्या मार्केट यार्डातून आलेल्या हळकुंडांचा अर्क काढायचा, त्यातून कर्क्युमिन स्फटिक करून वेगळं करायचं आणि त्यातल्या काही मालाचं हायड्रोजनीकरण करून टेट्राहायड्रोकर्क्युमिन बनवायचं. ते सौंदर्यप्रसाधनांत जातं, कारण त्याला रंग नसतो.

कर्क्युमिनचा रेणू डोळ्यासमोर आण. दोन टोकांना दोन बेन्झीन रिंगा, दोन्हींवर एकेक हायड्रॉक्सी आणि मेथॉक्सी गट. मध्ये सात कार्बनांची साखळी, तीत दोन डबल बाँड आणि दोन कीटोन. एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत इलेक्ट्रॉनांची वाट सलग असते, म्हणून तो ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. आता गंमत बघ. कागदावर मोजलं तर या रेणूत कार्बन-कार्बनचे आठ डबल बाँड आहेत: रिंगांतले तीन आणि तीन, साखळीतले दोन. पॅलेडियम-कार्बन टाकून हायड्रोजन सोडला तर कितीवर अभिक्रिया थांबेल?

लहान प्रमाणावर करायचो तेव्हा ०.०१ मोल, म्हणजे ३.६८ ग्रॅम कर्क्युमिन इथाइल अॅसिटेटमध्ये घ्यायचो. आठही भरले तर जवळजवळ दोन लिटर हायड्रोजन जायला हवा. जातो अर्धा लिटर. ब्युरेटमधलं पाणी सुरुवातीला भराभर चढतं आणि अर्ध्या लिटरच्या जवळ आलं की वेग एकदम पडतो. फ्लास्क बघत राहिलं तर भगवा द्राव आधी लिंबासारखा होतो, मग काळ्या उत्प्रेरकामुळे नीट कळत नाही. सेलाइटवरून (गाळायच्या पुडीवरून) गाळलं की खाली येतो तो जवळजवळ पाण्यासारखा. हळदीचा रंग गेला! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाळणी बाजूला ठेवून तो फ्लास्क खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत उभा होतो. साखळीतले दोन डबल बाँड गेले, रिंगा एकमेकींपासून तुटल्या, आणि सुटी बेन्झीन रिंग डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषत नाही. पण रिंगा दोन्ही जशाच्या तशा. (हे कधी केलंस तर गाळलेलं पॅलेडियम-कार्बन कोरडं होऊ देऊ नकोस. हवेत, त्यातून द्रावकाच्या वाफेत, ते पेट घेतं. गाळणीवर कायम पाणी हवं.)

एकदा रात्रपाळीत हायड्रोजन ठरल्यापेक्षा सहा तास जास्त चालू राहिला. सकाळी टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ डागांत वेगळे करणारी चाचणी) नवे डाग दिसले आणि सुपरवायझर म्हणाले, “गेल्या रिंगा, बॅच वाया.” एनएमआरला, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या तपासणीला, नमुना पाठवला. रिंगांवरचे सहाच्या सहा प्रोटॉन (हायड्रोजन) जागेवर होते. हायड्रोजनने साखळीतल्या कीटोनचं अल्कोहोल करून टाकलं होतं, हेक्झाहायड्रोकर्क्युमिन झालं होतं. कीटोनसारखा, पॅलेडियमवर सहसा रेंगाळणारा गटसुद्धा रिंगच्या आधी बळी पडला. १५० किलोज्यूल म्हणजे किती, हे मला त्या सकाळी कळलं.

घरातही बघता येईल. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. साबणाच्या अल्कलीने फक्त प्रोटॉन काढलेला असतो, पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळा. तोच शर्ट उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो, आणि या वेळी रंग परत येत नाही, कारण उजेडात कर्क्युमिनची साखळी तुटते. जे तुकडे होतात त्यांत व्हॅनिलिन असतं, फेरुलिक आम्ल असतं. दोन्हींत बेन्झीन रिंग शाबूत. रेणू मोडतानाही जिथे स्वस्त तिथे मोडतो.

आता अँथ्रासीनकडे येऊ, पण वाटेत नॅप्थॅलीनला भेटून. डांबरगोळीतल्या नॅप्थॅलीनची स्थिरता सुमारे २५५ किलोज्यूल. दोन बेन्झीनच्या ३०० पेक्षा कमी, कारण दोन रिंगांना मिळून इलेक्ट्रॉन दहाच आहेत, बारा नाहीत. त्यातली एक रिंग हायड्रोजनने भरली तर दुसरी पूर्ण बेन्झीन होऊन मागे राहते आणि १५० हातात राहतात. खर्च फक्त १०५ चा. म्हणून नॅप्थॅलीनचं टेट्रालीन होणं बेन्झीनपेक्षा सोपं, आणि टेट्रालीनचं पुढे डेकालीन करणं पुन्हा अवघड. एक रिंग सोडून दिल्यावर दुसरी अधिक घट्ट होते.

अँथ्रासीनमध्ये ओळीने तीन रिंगा, स्थिरता सुमारे ३५०. बेन्झीनच्या दुपटीहून जास्त! म्हणून मुलांना वाटतं की हे तर बेन्झीनपेक्षा आळशी असायला हवं. पण आकडा एकूण किती हे विचारायचं नाही, अभिक्रियेत त्यातला किती जातो हे विचारायचं. ब्रोमीन मधल्या रिंगच्या ९ आणि १० या कार्बनांवर बसलं तर दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र बेन्झीन रिंगा उरतात. ३०० हातात राहिले, गेले फक्त पन्नासच्या आसपास. बेन्झीनला पहिल्या पावलाला १५० मोजावे लागत होते, हिला पन्नास. एवढी किंमत ब्रोमीन गारव्यातही मोजतं. हाच डायब्रोमाइड तापवला तर हायड्रोजन ब्रोमाइड निघून जातं आणि ९-ब्रोमोअँथ्रासीन मिळतं, म्हणजे प्रतियोजनाचं उत्पादन, पण समावेशनाच्या दारातून आलेलं. फिनँथ्रीनमध्येही तीनच रिंगा, पण ओळीने नाहीत. त्याची एकूण रक्कम थोडी जास्त, सुमारे ३८५, त्यामुळे तिथे खर्च ८५ च्या आसपास. तेही ९-१० वर ब्रोमीन घेतं, पण अँथ्रासीनइतकं उतावीळ नाही. फ्युरानलाही (चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची रिंग) हेच लाव. त्याची अरोमॅटिक रक्कम मुळातच लहान, म्हणून ते मॅलेइक अॅनहायड्राइडशी साध्या डाईनसारखं, म्हणजे दोन डबल बाँडवाल्या रेणूसारखं, जोडलं जातं.

प्रॅक्टिकलमध्ये एक चूक दर वर्षी होते, ती तुझ्याकडून होऊ नये. फिनॉलमध्ये ब्रोमीन वॉटर टाकलं की रंग उडतो, आणि मुलं वहीत लिहितात: ‘असंपृक्त, समावेशन झाले.’ तिथे समावेशन झालेलंच नाही. पांढरा साका पडतो तो २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉलचा, रिंग जशीच्या तशी, तीन हायड्रोजन जाऊन तीन ब्रोमीन आलेत. अॅनिलीनचंही तसंच. ब्रोमीनचा रंग उडणं म्हणजे ब्रोमीन संपलं एवढंच, ते कुठे गेलं हे त्यावरून कळत नाही. खात्री करायची तर डायक्लोरोमिथेनमधलं ब्रोमीन वापर आणि परीक्षानळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धर. समावेशनात ब्रोमीनचे दोन्ही अणू रेणूत जातात, बाहेर काही येत नाही. प्रतियोजनात एक अणू आत जातो आणि दुसरा हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वाफेने वर येतो, लिटमस लाल करतो.

परीक्षेत दोन-तीन वाक्यं पुरतील: ‘बेन्झीनमध्ये समावेशनाच्या पहिल्या पायरीला अरोमॅटिक स्थिरता, सुमारे १५० किलोज्यूल, गमवावी लागते, म्हणून सौम्य परिस्थितीत ते प्रतियोजन देते, कारण त्यात ही स्थिरता परत मिळते. उत्प्रेरक, दाब आणि तापमान, किंवा प्रकाशाने तयार झालेले क्लोरीन अणू असले तर समावेशन होते.’ खाली १२०, २३२, २०८ हे तीन आकडे आणि ती २४ ची वजाबाकी टाक. तपासणाऱ्याला कळतं की मुलीला समजलंय.

पुढच्या वर्षी टी.वाय.ला अँथ्रासीन आणि मॅलेइक अॅनहायड्राइडचं प्रॅक्टिकल येईल, झायलीनमध्ये उकळून करायचं. त्या दिवशी नोटा तपासायचा जांभळा दिवा बरोबर ने. उकळण्याआधी अँथ्रासीनची चिमूट त्याखाली धर, निळसर चमकेल. नंतर गाळून धुतलेले पांढरे स्फटिक धर. ते चमकत नाहीत, कारण सलग तीन रिंगांची वाट मधोमध तुटलेली असते आणि उरलेल्या दोन सुट्या बेन्झीन रिंगांना त्या दिव्याचा प्रकाश शोषता येत नाही. कुठे निळा ठिपका दिसलाच तर तिथे अँथ्रासीन शिल्लक आहे. वितळबिंदू घेण्याआधी गार झायलीनने आणखी एकदा धू.